पेवाचं हर्बेरियम शीट सडतं का, आणि मग करायचं काय

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की श्रावणात दक्षिण गुजरातच्या डांगात वघईच्या पुढे रस्त्याकडेला पेव, म्हणजे आल्या-हळदीच्या जवळचं ते उंच रानझाड, फुललेलं दिसलं, तू एक अख्खं खोड फुलासकट तोडून प्लास्टिकच्या पिशवीत घालून बडोद्याला आणलंस, दुसऱ्या दिवशी प्रेसमध्ये, म्हणजे कागदांच्या थरांत दाबून सुकवायच्या चौकटीत, घातलंस आणि चार दिवसांनी उघडलं तर पानं सुटलेली, फुलाचा तपकिरी लगदा होऊन पेपरला चिकटलेला, खोडावर पांढरी बुरशी आणि वास. आता एमएस्सीच्या सबमिशनला हर्बेरियम शीट, म्हणजे सुकवलेलं झाड लेबलसकट चिकटवलेला कागद, द्यायचंय, मैत्रीण म्हणते इस्त्री फिरव, आणि कोणीतरी सांगितलंय की मर्क्युरिक क्लोराइडमध्ये बुडव म्हणजे बुरशी जाईल.

सगळ्यात आधी ते मर्क्युरिक क्लोराइडचं. नको. अजिबात नको. पूर्वी हर्बेरियममध्ये शीटला किडा लागू नये म्हणून अल्कोहोलमध्ये विरघळवून ते लावायचे हे खरंय, जुन्या कपाटांमधल्या कितीतरी शीट्सवर ते आजही आहे, म्हणूनच जुनी शीट्स हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे आणि शीट बघता बघता वेफर खायचे नाहीत. पण ते पाऱ्याचं विष आहे, घरात किंवा हॉस्टेलच्या रूमवर करायची ती गोष्टच नाही, आणि सडलेलं झाड त्याने काही परत येत नाही. किड्यासाठी आता फ्रीझर वापरतात, ते शेवटी सांगते.

इस्त्री. पातळ पानाच्या नेच्यांना, गवताला वगैरे घाईच्या वेळी लोक करतात इस्त्री, चालून जातं. पेवाला नाही चालत, कारण वरची साल करपते आणि आत खोड ओलंच राहतं, मग दिसायला सुकलेलं शीट तू फाइलमध्ये घालतेस आणि महिन्याभराने आतून काळं पडतं.

आता मूळ मुद्दा, जो मला वाटतं तुला कोणी नीट सांगितला नाहीये. प्रेसमध्ये घातल्याबरोबर झाड मरत नाही. आंबा, पिंपळ असलं काही असेल तर पान लवकर सुकतं, प्रश्न येत नाही, पण पेव, आलं, हळद, रानकेळ, ऑर्किड, कांद्याच्या जातीतलं काहीही, ही मंडळी पाणी साठवून बसलेली असतात आणि कागदांच्या मध्ये दाबली तरी दिवसेंदिवस जिवंत असतात. जिवंत असतात म्हणून पानं टाकून देतात, कधीकधी तर प्रेसमध्ये कोंब येतो. तुझी पानं सुटली ती सडून नाही सुटली, झाडाने आपणहून सोडली, बुरशी नंतर आली. त्यामुळे असल्या झाडाला दाबायच्या आधी मारावं लागतं, आणि मारायच्या आधी त्याच्यातलं जे जे प्रेसमध्ये टिकणार नाही ते वेगळं काढून घ्यावं लागतं. हा क्रम उलटा झाला की शीट गेलं.

मारायची सोपी रीत म्हणजे उकळतं पाणी. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळ उकळू द्यायचं, खोडाचा तुकडा पानांसकट चिमट्याने धरून पंधरा-वीस सेकंद आत, बाहेर, जुन्या टॉवेलवर टिपून लगेच कागदात. पानाचा रंग थोडा मळकट होतो पण पान खोडाला धरून राहतं, आणि आपल्याला तेच हवंय. फूल आणि फुलाचा तुरा मात्र पाण्यात घालायचा नाही. दुसरी रीत अल्कोहोलची, श्वाइनफुर्थ नावाच्या जर्मन माणसाच्या नावाने ओळखतात, पेपरात गुंडाळलेली झाडं पॉलिथिनच्या पिशवीत घालायची, वरून अल्कोहोल ओतायचं आणि तोंड बंद करून महिनाभरसुद्धा ठेवलं तरी सडत नाही, मग सावकाश घरी येऊन प्रेस करायचं. ओल्या जंगलात काम करणारे ही वापरतात. पण आपण राहतो गुजरातमध्ये, इथे अल्कोहोल लॅबमध्ये परमिटवर येतं, रजिस्टरमध्ये मिलीलिटरचा हिशोब असतो, आणि पाच लिटरचा कॅन घेऊन एसटीने डांगातून बडोद्याला यायचं आणि वाटेत पोलिसांना बॉटनी समजावत बसायची हा प्रकार मी तरी कोणाला सुचवणार नाही. शिवाय या पद्धतीत झाड काळपट पडतं आणि डीएनए खराब होतो. उकळतं पाणी आपल्याला फावतं.

डीएनएवरून आठवलं, तुझ्या गाइडला पुढे कधी मॉलिक्युलरचं काही करायचं असेल तर पानाचा बोटाएवढा तुकडा पाण्यात बुडवायच्या आधीच काढून सिलिका जेलमध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या खड्यांत, टाक, पानाच्या वजनाच्या निदान दहापट जेल हवं, आणि पुडीवर शीटचाच नंबर घाल. नंतर आठवून उपयोग नसतो, उकडलेल्या पानाचा भरवसा नाही.

आता पेवामध्ये प्रेसला न टिकणाऱ्या गोष्टी कोणत्या. माझ्या मते तीन आहेत, फूल, पिळा आणि रंग.

पिळा आधी घेऊ, कारण तो कोणाच्या लक्षातच येत नाही. पेवाची पानं खोडाभोवती गोल जिन्यासारखी एकाच रांगेत फिरत वर जातात, खोडसुद्धा थोडं पिळलेलं असतं. आलं-हळदीच्या मंडळींची पानं दोन रांगांत समोरासमोर असतात. पेव पूर्वी आल्याच्याच कुळात धरायचे, आता कॉस्टेसी हे वेगळं कुळ आहे आणि वेगळं धरायच्या कारणांमध्ये ही पानांची मांडणी मोठी आहे. आणि गंमत बघ, प्रेसमध्ये दाबलं की सगळी पानं डाव्या-उजव्या बाजूला पडतात आणि शीटवर पेव बरोबर हळदीसारखं दोन रांगांचं दिसायला लागतं! म्हणजे जे ओळखीचं लक्षण तेच दाबून खोटं झालं. त्यामुळे झाड उभं असतानाच वरून, शेंड्याच्या बाजूने खाली बघत एक फोटो काढायचा, आणि लेबलवर सरळ वाक्य लिहायचं की पानं एका रांगेत, सर्पिल. शिवाय मधल्या भागातला वीतभर तुकडा असा दाब की त्यातली दोन-तीन पानं बुडाशी कापून टाकलीस तरी त्यांच्या आवरणाच्या कडा खोडावर दिसतात, म्हणजे कुठल्या बाजूने कुठे फिरलंय ते शीटवरून मोजता येतं.

पानाचं जे आवरण खोडाला वेढून असतं ना, ते पेवात बंद नळी असते, आल्यात एका बाजूने उघडं असतं. खोड सुकवायला उभं चिरायचं असतं हे बरोबर, पण सगळं चिरू नकोस, एक पेर अख्खं ठेव नाहीतर ही नळी बंद होती का उघडी हे कोणालाच कळणार नाही. आणि एक पान उलटं करून दाब, खालच्या बाजूला रेशमासारखी मऊ लव असते, बोटाला लगेच कळते, ती दिसली पाहिजे. सगळी पानं एकाच बाजूने लावलेलं शीट मला आळशी वाटतं, सॉरी.

झाड माणसाएवढं किंवा त्याहून उंच, आणि शीट साधारण ४२ बाय २८ सेंटिमीटर. अख्खं बसणार नाहीच, कोंबायचा प्रयत्नही करू नको. तीन तुकडे कर, खाली कंदासकट बुंधा, मधला पानांचा भाग, वरचा तुरा. तीन शीट होतील, तिन्हीवर एकच कलेक्शन नंबर आणि ‘तीनपैकी पहिलं’, ‘तीनपैकी दुसरं’ असं. मधलं जे टाकलं त्याची उंची लेबलवर. कंद उभा चिरून अर्धा घ्यायचा, आतला गर चमच्याने थोडा खरवडून टाकला तर पटकन सुकतो. सगळा कंद खणून आणू नको, एक बोटभर तुकडा पुरतो.

फूल. हे खरं जिकिरीचं काम आणि इथेच वेळ द्यायचा. लाल ब्रॅक्टांचा, म्हणजे फुलाखालच्या छोट्या पानांचा, तो बोंडासारखा तुरा असतो त्यातून पांढरी फुलं एका वेळी एक-दोनच उमलतात आणि एका दिवसात मान टाकतात. म्हणजे सकाळी काढलेलं फूल संध्याकाळी बडोद्याला पोचेपर्यंत संपलेलं असतं, प्लास्टिकच्या पिशवीत तर नक्कीच. फुलाचं काम झाडाजवळ बसूनच करायचं. तुला जे मोठं पांढरं, कडेला झालर आणि मध्ये पिवळं असलेलं दिसतं ती पाकळी नाहीच, त्याला लेबेलम म्हणतात, पाच वांझ पुंकेसर एकत्र जुळून ते झालेलं आहे. खऱ्या पाकळ्या तीन, त्याच्या मागे असतात. आणि चालू पुंकेसर एकच, तोही चपटा पाकळीसारखा, त्याच्या परागकोषाच्या दोन भागांमधून स्त्रीकेसराचा दोरा वर येतो आणि टोक बाहेर डोकावतं. एक फूल घेऊन ब्लेडने लेबेलम एका बाजूने उभं चिरायचं, पसरायचं, पुंकेसर वेगळा, पाकळ्या वेगळ्या, आणि हे सगळं ट्रेसिंग पेपरच्या किंवा बटर पेपरच्या घडीत मांडायचं. दुसरं एक फूल न चिरता बाजूने दिसेल असं दुसऱ्या घडीत. आणि मग ती घडी उघडायची नाही! बाहेरचे टीपकागद बदलायचे, रद्दी बदलायची, पण बटर पेपरची घडी पूर्ण सुकेपर्यंत जशीच्या तशी नव्या कागदात सरकवायची. तुझा लगदा झाला त्याचं निम्मं कारण हेच असणार, रोज उघडून बघितलंस आणि फूल थेट रद्दीवर होतं. ओली पाकळी शाईच्या कागदाला धरते, उचलली की फाटते.

तिसरं फूल बाटलीत. ७० टक्के अल्कोहोलमध्ये लॅबला मिळालं तर उत्तम, किंवा एफएए, म्हणजे साधारण ९० भाग तेच ७० टक्के अल्कोहोल, ५ भाग फॉर्मालिन, ५ भाग ग्लेशियल अॅसिटिक अॅसिड, हे लॅबमध्येच बनव, खिडकी उघडी ठेवून, ग्लव्ह्ज घालून. फील्डवर काहीच नसेल तर पातळ सॅनिटायझर, जेलवालं नाही, लॅबपर्यंत पोचवायला चालून जातं, आल्या आल्या बदलायचं. बाटलीच्या आत कागदाची चिठ्ठी टाकायची आणि ती पेन्सिलने लिहायची. बॉलपेनचा नंबर अल्कोहोलमध्ये विरघळून जातो, आणि मग शेल्फवर निळं पाणी आणि बेवारशी फूल.

फळ लागलं असेल तर तेही घे, लाल बोंड, वर कॅलिक्सचा, म्हणजे फुलाच्या सगळ्यात बाहेरच्या वेढ्याचा, मुकुट तसाच राहिलेला, आत काळ्या बिया आणि त्याला पांढरं अरिल, म्हणजे बीवरचं मऊ आवरण. बोंड जाड असतं, अर्धं कापून दाब, बिया छोट्या पाकिटात घालून शीटवर चिकटव.

सुकवायचं कसं. भाद्रपदातल्या बडोद्याच्या हवेत नुसता पंखा लावून पेव सुकत नाही, विश्वामित्रीच्या बाजूला राहत असशील तर विसरच. पहिले दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ कागद बदल, मग दिवसातून एकदा. प्रत्येक दोन-तीन झाडांमागे खोक्याचा नळीदार पुठ्ठा घाल, नळ्या सगळ्या एकाच दिशेने, म्हणजे हवा आरपार जाते, हे पुठ्ठे मंगळबाजारात दुकानांबाहेर फुकट पडलेले असतात. लॅबचा ओव्हन मिळाला तर ४५ डिग्रीच्या आसपास, त्याच्यावर नको, जास्त तापवलं की बाहेरून कडक आणि तपकिरी. ओव्हन नसेल तर लाकडी खोक्यात खाली जुने पिवळे बल्ब लावून वर प्रेस आडवी ठेवतात, एलईडीने काही होणार नाही, त्याला तेवढी ऊबच नसते. बल्ब लावून झोपी जायचं नाही, खाली रद्दी आहे हे लक्षात ठेव. आणि पट्टे रोज आवळायचे, झाड सुकतं तशी प्रेस सैल पडते आणि सैल प्रेसमध्ये पानाला सुरकुत्या येतात.

राहिला रंग. तो कशानेच टिकत नाही, पांढरं फूल पिवळट-तपकिरी होणार, लाल ब्रॅक्ट विटकरी किंवा काळपट होणार, ही तुझी चूक नाही, ते तसंच असतं. म्हणून तो लिहायचा, झाडासमोर उभं राहून, वहीत. तुझं लेबल तू पाठवलंस त्यावर नाव, कुळ, ‘डांग’ आणि तारीख एवढंच आहे. एवढ्यावर ते शीट कोणाच्या काय कामाचं? बघ, असं काहीतरी हवं: ‘वघई–सापुतारा रस्ता, वघईपासून इतके किलोमीटर, उजव्या बाजूला, जीपीएस अमुक. ओढ्याच्या काठी, सागाच्या मिश्र जंगलाची कड, अर्धी सावली, ओली माती. उंची सुमारे १.८ मीटर, पंधरा-वीस खोडांचा झुबका. पानं एका रांगेत सर्पिल, खालून मऊ लव. ब्रॅक्ट आणि कॅलिक्स लाल, लेबेलम पांढरं, आत पिवळं. पान चुरगळून आल्यासारखा वास नाही.’ हे शेवटचं वाक्य मला फार आवडतं, कारण वास शीटवरून कधीच कळणार नाही. लोकेशन व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या फोटोतून नंतर काढू म्हणशील तर ते पाठवताना निघून गेलेलं असतं, ओरिजिनल फोटो जपून ठेव.

नावाचं टेन्शन घेऊ नको. कोनिग नावाच्या, लिनियसच्या शिष्याने, जो इकडे दक्षिणेत तरंगमबाडीला राहून गेला, १७८३ मध्ये याला पहिलं नाव दिलं बँक्सिआ स्पेसिओसा, मग ते कॉस्टस स्पेसिओसस झालं आणि बहुतेक जुन्या पुस्तकांत तेच मिळेल, २००६ मध्ये कायलोकॉस्टस झालं, आणि आता हेलेनिया स्पेसिओसा धरतात. तुझ्या गाइडला कॉस्टसच हवं असेल तर कॉस्टस लिही, वाद घालू नको. नाव बदललं की जुनं खोडत नाहीत, खाली दुसरी चिठ्ठी लावतात, कोणी ओळखलं आणि कधी ते लिहून. बडोद्याच्या डिपार्टमेंटच्या हर्बेरियममध्ये, हर्बेरियमच्या जागतिक यादीत ‘बारो’ या अक्षरांनी आहे ते, जाऊन पेवाची जुनी शीट्स काढून तुझ्याशी ताडून बघ, अर्धा तास लागेल पण पुस्तकातल्या चित्रापेक्षा जास्त कळेल.

आता तुझ्या हातात जे सडलेलं आहे त्याचं. फूल गेलं, ते टाक. खोडाची बुरशी अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या ब्रशने पुसून ओव्हनमध्ये नीट सुकव, सुटलेली पानं फेकू नको, पाकिटात घालून त्याच शीटवर लाव, फुलाशिवायचं शीट म्हणून ते दुय्यम पण खरं आहे. मात्र एक करू नको, आणि हे मी दरवर्षी कोणाला ना कोणाला करताना बघते, नर्सरीतून किंवा कोणाच्या बंगल्यातून पेवाचं फूल आणून या खोडाला चिकटवायचं. दोन जागची दोन झाडं एका नंबरखाली गेली की ते शीट खोटं झालं, मग मार्क कितीही मिळोत. तसंच रंग गूगलवर बघून लेबलवर भरू नकोस, तुझ्या फोटोत दिसतो तेवढाच लिही.

पेव ऑक्टोबरपर्यंत फुलतं, तेव्हा अजून एक चक्कर होऊ शकते. रस्त्याकडेचं, शेताच्या बांधावरचं घेतलंस तर मालकाला विचारून घे, रिझर्व्ह फॉरेस्टमध्ये जायचं असेल तर वनखात्याची लेखी परवानगी कॉलेजच्या पत्रावर आधी काढ, आणि वांसदा नॅशनल पार्कमध्ये परवानगीशिवाय पानसुद्धा तोडायचं नाही. जमत नसेल तर आणलेल्या कंदाचा डोळा असलेला तुकडा असेल तर तो कुंडीत लाव, पेव कंदाच्या तुकड्यापासून छान येतं, हिवाळ्यात वरून मरून जातं म्हणून घाबरून कुंडी फेकू नको, पावसाळ्यात परत फुटतं आणि मग तुझ्या गॅलरीतच सकाळी ताजं फूल. त्याचं शीट करशील तेव्हा लेबलवर ‘लागवडीतलं, मूळ वघईचं’ असं स्पष्ट घाल आणि नंबर नवा दे.

माउंट करताना सेलोटेप नको, पाच-सहा वर्षांत पिवळी होऊन सुटते आणि पानावर गोंदाचा डाग राहतो. जाड खोड आणि कंद सुई-दोऱ्याने टाके घालून, पानं पातळ गोंदाने, किंवा कागदाच्या बारीक पट्ट्यांनी. आणि मग फ्रीझर, शीट्स प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून सीलबंद करून उणे २० डिग्रीला आठवडाभर, त्याने सिगारेट बीटल, म्हणजे सुकी झाडं खाणारा तो छोटा किडा, आणि त्याची अंडी मरतात. घरच्या फ्रीझरचं तापमान खालीवर होतं म्हणून तिथे दोन आठवडे ठेव आणि आईला आधी सांग. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, आतलं थंड शीट बाहेरच्या दमट हवेत ओलं होतं, रात्रभर तशीच टेबलावर राहू दे आणि सकाळी उघड.